आठ मोजणारा मिस्त्री

धक्क्यावर मिस्त्रींना सगळे ‘आठवाले’ म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं. चाळीस वर्षं त्यांनी खोल समुद्रात जाणाऱ्या लाकडी नावा बांधल्या. नवी नाव पाण्यात उतरली की म्हातारा मधोमध पाय फाकवून उभा राहायचा, अंगाचा भार इकडून तिकडे टाकून तिला डोलवायचा आणि ओठातल्या ओठात मोजायचा. एका बाजूला कललेली नाव दुसरीकडे जाऊन परत यायला आठ आकडे लागले पाहिजेत. सातच भरले तर बुडाशी रचलेले दगड थोडे काढायचे, नऊ झाले तर वाढवायचे. बरोबर आठ झाले की खाली उतरून हात झटकायचे आणि म्हणायचे, “जा घेऊन.” कागद नाही, नकाशा नाही, काही नाही. त्यांच्या हातची एकही नाव कधी उलटली नाही. ही गोष्ट ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे, ऐकणाऱ्याला पाठ असली तरी.

मग फायबरच्या नावा आल्या. साच्यातून निघायच्या, सगळ्या एकसारख्या. जुन्या नावेचं पोट गोल, तळाचा कणा खोल, मागची बाजू निमुळती. नवीचं बूड चपटं, कडा धारदार, मागची बाजू दारासारखी रुंद. मासळी दीडपट मावते, डिझेल कमी लागतं, लाकूड कुजायचा प्रश्न नाही. मिस्त्रींनी नाक मुरडलं. त्यात त्यांच्या स्वतःच्या जावयाने तसलीच नाव घेतली तेव्हा तर विचारूच नका. “नाव आहे की परात?” ते लेकीसमोरच म्हणाले. “जावईबापू, यात पीठ मळणार की मासे धरणार?” जावई बिचारा हसला. लेक मात्र हसली नाही. बाबांनी एकदा तरी ‘बरी आहे’ म्हणावं एवढीच तिची इच्छा होती.

पण नव्या नावेत एक खोड होती, ती खरीच होती. ती डोलायची नाही, हिसके द्यायची. मिस्त्रींनी मोजलं, तर चार! चार आकड्यांत इकडून तिकडे आणि परत. आठ दिवस समुद्रात राहून जावई उतरायचा तेव्हा कमरेवर हात ठेवूनच. जुन्या नावेवर जन्म गेलेले खलाशी ओकून बेजार व्हायचे. शेवटी एक दिवस जावई म्हणाला, “मामा, काहीतरी करा हो.”

मामा तर याचीच वाट बघत बसले होते! नवीन नाववाल्याने येऊन जुन्या हाताला विचारावं, याहून मोठं सुख म्हातारपणी कुठलं? त्यांनी केबिनच्या छपरावर लोखंडी चौकट ठोकली, बर्फाची पेटी वर चढवली, दोन मोठी जाळी वर बांधली. मग मधोमध उभे राहून मोजलं. सहा. आणखी थोडं सामान वर. सात. शेवटी आठ. “घ्या,” ते म्हणाले, “आली माणसात.” नाव मऊ झाली, खलाशी झोपायला लागले, धक्काभर मिस्त्रींचं नाव झालं. आणखी दोघा फायबरवाल्यांनी बघून बघून आपापल्या छपरांवर सामान चढवलं. मिस्त्री हरभऱ्याच्या झाडावर चढले ते खाली उतरायलाच तयार नव्हते.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी, ते साचेवालीच्या कारखान्यात गेले. साचेवाली म्हणजे या नव्या नावा बनवणारी बाई. आपण सहज गेलो होतो असं ते नंतर सांगायचे. सहज वगैरे काही नाही, शेखी मिरवायला गेले होते. बाई तोंडाला फडकं बांधून एक कडा घासत होती. वारा उठला होता आणि कारखान्याचे पत्रे खडखडत होते.

“तुमच्या परातीला आठवर आणलं मी,” मिस्त्री म्हणाले.

बाईने घासणं थांबवलं. “आठ? चारची आठवर कशी आली? बुडातलं वजन काढलंत का?”

“काढलं कशाला? वर चढवलं. छपरावर.”

तिने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. पाण्याची टाकी दाखवली, शेजारची स्टीलची परात उचलून पाण्यावर ठेवली आणि बोटाने कड दाबली. परात टचकन सरळ झाली. मग तिने परातीत रंगाचा भरलेला डबा उभा ठेवला आणि पुन्हा कड दाबली. परात हळू कलली, टोकाला जाऊन क्षणभर थांबली, मग सावकाश वर आली.

“हे तुमचे आठ,” बाई म्हणाली, आणि बोट जरासं जास्त दाबलं. कड पाण्याखाली गेली, डबा घसरला, परात उलटून तळाला गेली.

मिस्त्री टाकीत बघतच राहिले.

“मिस्त्री, तुमच्या नावेचं वजन खाली असायचं,” बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “ती कितीही कलली तरी पोटातलं वजन तिला ओढून आणायचं. ती रमत यायची. माझी नाव रुंदीवर उभी आहे. ती हिसका देते म्हणजे तिच्या अंगात जोर आहे. तुम्ही तो जोर काढून घेतलात. आता ती दमून परत येते. एखाद्या लाटेला येणार नाही.”

मिस्त्रींना ती परात दिसत नव्हती. टोकाला जाऊन क्षणभर थांबली, ते दिसत होतं. छपरावर शेवटचं सामान चढवलं त्या दिवशी जावयाची नावही टोकाला अशीच थांबली होती. चाळीस वर्षांत त्यांची एकही नाव थांबली नव्हती. आठच्या नादात त्यांनी तिकडे बघितलंच नाही. जावई आणि चार खलाशी कालपासून बाहेर होते, आणि पत्रे आता नुसते थडथडत होते.

म्हातारा धावला. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारा माणूस मच्छीमार सोसायटीचे दोन जिने न थांबता चढला. वर वायरलेसच्या खोलीत लेकच बसायची. तिने बाबांचं तोंड बघितलं आणि उभीच राहिली.

“लाव त्याला.”

“बाबा, काय झालं?”

“अगं, लाव म्हणतो ना!”

खरखर झाली, मग जावयाचा आवाज आला. “बोला मामा. वारा आहे, पण नाव मस्त चाललीय, पाळण्यासारखी. परतीलाच लागलोय.”

“लाट कुठून येतेय?”

“मागून.”

“मला मोजून दाखव. मोठ्याने.”

“आत्ता?”

“आत्ताच!”

जावई मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा, सात, आठ, नऊ, दहा. आठाचे दहा झाले होते, वरची जाळी भिजून जड झाली असणार.

“टोकाला थांबते का रे?”

“हो, जराशी थांबते. तुमच्या नावांसारखी.”

“माझी नाव थांबत नव्हती,” मिस्त्री म्हणाले, आणि लेकीने टेबलाची कड घट्ट धरली. “ऐक. छपरावरचं सगळं समुद्रात टाक. पेटी, जाळी, सगळं. आधी तोंड वाऱ्याकडे घे, मागची लाट तिला लोळवेल. कुणी वर चढायचं नाही, खालूनच दोर कापा, दोन्हीकडचे एकदम. आणि टाकताना गिअर काढ, जाळं पंख्यात जाईल.”

“मामा, नवी जाळी आहेत ती. आणि तुम्हीच तर...”

“मीच सांगितलं! मीच मूर्खासारखं सांगितलं!” म्हातारा ओरडला. सगळ्या नावा हीच वाहिनी ऐकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “चूक माझी आहे. नावेत खोड नव्हती, माझ्या डोक्यात होती. ज्यांनी ज्यांनी माझं बघून छपरावर वजन चढवलं, त्यांनी आत्ता उतरवा. ही नाव माझ्या नावेसारखी नाही. मला तिच्यातलं काही कळत नाही. काप दोर, पोरा.”

एवढ्या वर्षांत त्यांनी जावयाला ‘पोरा’ म्हटलं नव्हतं.

वायरलेस गप्प झालं. लेक घड्याळाकडे बघत होती, मिस्त्री तिच्याकडे बघू शकत नव्हते. दुसऱ्या एका नावेवरून कुणीतरी विचारलं, “आठवाले, आमचं पण उतरवायचं का?” त्यांनी नुसतं “हो, सगळं” म्हटलं. पाच मिनिटं गेली. लेकीने दोनदा हाक मारली. उत्तर नाही. नऊ मिनिटं झाली. “बाबा,” ती म्हणाली, “तो बोलत का नाही?”

मग खरखर झाली.

“टाकलं,” जावई धापा टाकत म्हणाला. “सगळं टाकलं. वळताना एक लाट आली मामा, काठ पाण्यात गेला, आम्ही म्हटलं संपलं. तशीच राहिली. तेवढ्यात दोर तुटले आणि पेटी गेली...” त्याने एकेका खलाशाला हाक मारलेली ऐकू आली. “आली परत. सगळे आहोत.”

लेक तोंडावर पदर दाबून रडायला लागली. मिस्त्रींनी माइक दोन्ही हातांनी धरला.

“मोज.”

“एक, दोन, तीन, चार.”

“पुन्हा.”

“एक, दोन, तीन, चार. मामा, पाठ मोडते हो.”

“मोडू दे,” म्हातारा म्हणाला, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्याला सुचलं नाही. “चांगली नाव आहे तुझी. मोजत राहा.”

बंदरात शिरेपर्यंत जावई मोजत होता, आणि म्हाताऱ्याने त्याला एकदाही थांब म्हटलं नाही.