अक्काला घर धरतं

मला शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला लागून अठ्ठावीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळात माझ्या एकाही विद्यार्थ्याला शॉक बसलेला नाही. शॉक बसला तो माझ्या आईला. तोही रोज, पंधरा दिवस, माझ्याच स्वयंपाकघरात!

आईला आम्ही सगळे अक्का म्हणतो. चोपड्याकडच्या आमच्या गावात ती एकटी राहायची. गुडघ्यांनी दगा दिला आणि पाण्याची कळशी उचलवेना, तेव्हा मी आणि मंगलनं (ही माझी बायको) बाबापुता करून तिला जळगावला आणलं. येताना तिनं तीन वस्तू आणल्या: देव, देवांपुढे बसायचा सागवानी पाट, आणि कधीही परत निघता येईल अशी भरलेली पिशवी. देवांना स्वयंपाकघराची पूर्वेची भिंत हवी होती आणि तिथं नेमका फ्रीज. मी त्याच दुपारी फ्रीज समोरच्या भिंतीला नेला, स्वतः जोडून दिला आणि देव बसवले. आपण फारच कामाचा माणूस आहोत असं मला त्या दिवशी वाटलं.

तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "तुन्हं घर माले धरस."

आता आमच्याकडे धरणं दोन तऱ्हेचं असतं. बाहेरचं धरतं, म्हणजे भूतबाधा. आणि लाईट धरते, म्हणजे शॉक. लहानपणी मला दोन्ही अर्थ पाठ होते. पण वर्षानुवर्षं पुस्तकी मराठी बोलून माझे कान इतके सुधारले होते, की मला भूतच ऐकू आलं. मी अंधश्रद्धेवर अर्धा तास बोललो. अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. नेमकं कुठं धरतं म्हणून विचारलं तर म्हणाली, फ्रीजपाशी. मी म्हणालो, बरोबर आहे, जळगावच्या मे महिन्यात भूत तरी आणखी कुठं बसणार! (हे बोलायला नको होतं.) त्यानंतर तिनं त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

तरी मी प्रात्यक्षिक करून दाखवलं. फ्रीजला हात लावला, काही नाही. मंगलनं लावला, काही नाही. टेस्टर ड्रॉवरमध्येच होता, पण खुद्द भौतिकशास्त्राचा शिक्षक हजर असताना टेस्टर कशाला? आता, आम्हा दोघांच्याही पायांत रबरी चपला होत्या, डॉक्टरांनी टाचदुखीसाठी घरात घालायला सांगितलेल्या. अक्का मात्र स्वयंपाकघरात देव आहेत म्हणून अनवाणी. एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही.

मग अक्काचा पाट देवांपुढून उठून फ्रीजपुढे आला. ती फ्रीज उघडायची ती पाटावर उभी राहून, बंद करायची तीही पाटावरूनच. मंगल दोनदा अडखळली. मी तिला हळूच म्हणालो, "वय झालं गं, समजून घे." स्वतःच्या आईबद्दल मी हे म्हणालो, याची मला आजही लाज वाटते.

पंधराव्या दिवशी अक्कानं पिशवी दाराशी आणून ठेवली. चोपड्याच्या एसटीत बसवून दे म्हणाली. तिथं तिला पाणी कोण भरून देणार होतं? मंगल रडवेली झाली. मी विनवण्या केल्या, पण अक्का बधेना. ज्या घरात आपलं कुणी ऐकत नाही तिथं राहायचं कशाला, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी मी हात टेकले.

निघताना ती वाटेसाठी ठेच्याची वाटी काढायला फ्रीजकडे गेली. पाटावर उभी राहिली आणि एका हातानं फ्रीजचं दार धरलं. नमस्कार करून घ्यावा म्हणून मी मागून गेलो. नमस्कार चपला घालून कसा करायचा? चपला काढल्या, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो, वाकलो आणि तिच्या पावलांना हात लावला.

सण्णकन मुंग्या थेट कोपरापर्यंत आल्या! फ्रीजमधून अक्का, अक्कातून मी, माझ्यातून फरशी: परिपथ पूर्ण. ठेच्याची वाटी माझ्या टाळक्यावर.

अक्कानं आधी फ्रीज सोडला, मग माझ्याकडे पाहिलं. "आते समजनं का, काय धरस ते?"

मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी ठेच्यासकट ऐकत राहिलो. "पाटवर उभी राही की धरत नई. फरशीवर धरस. ओली फरशी व्हयनी ते जास्ती धरस." फ्रीज घुरघुरत असो वा गप्प असो, धरायचं ते धरतंच. आणि लाकडी डावानं शिवलं तर नाही, स्टीलच्या उलथन्यानं शिवलं तर हमखास. ती एकही वर्ग शिकलेली नाही. पंधरा दिवस तिनं एकेक गोष्ट बदलत, स्वतःच्या अंगावर सोसत हे सगळं तपासलं होतं. कुणी सांगितलेलं नसताना! मला हात जोडावेसे वाटले, पण लांबूनच.

मी मेन स्विच बंद केला आणि फ्रीज पुढे ओढला. नव्या भिंतीवरचा बोर्ड दोन पिनांचा. फ्रीजचा तीन पिनांचा प्लग त्यात जाईना, म्हणून त्या दुपारी एका कामाच्या माणसानं तो कापून दोन पिनांचा बसवला होता. अर्थिंगची हिरवी तार 'बिनकामाची' म्हणून चिकटपट्टीत गुंडाळून ठेवली होती. फार सुबक काम होतं, माझंच.

वायरमननं संध्याकाळपर्यंत अर्थिंगसकट नवा बोर्ड बसवला. अक्कानं अनवाणी, ओल्या फरशीवरून फ्रीजला तळहात लावून पाहिला आणि पिशवी उचलून आत नेली. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच पाटावर बसलो.

परवा मी परीक्षेचा पेपर काढत होतो. त्यात माझा दरवर्षीचा प्रश्न होता: 'तीन पिनांच्या प्लगची एक पिन जाड व लांब का असते?' अक्कानं विचारलं म्हणून वाचून दाखवला.

"कितला मार्क?"

"दोन."

"मंग तुले कितला भेटतीन?"

मंगल म्हणाली, "एक तरी द्या, अक्का. नमस्कार चपला काढून केला त्यांनी."

अक्कानं बराच वेळ विचार केला आणि अर्धा दिला.