भाग गेला का?

११ ऑक्टोबर १९५५. शाळा सुटल्यावर अंगणात उशांत नवा कापूस भरत बसले होते.

स्टेशनवरचे पार्सलबाबू रोज याच वेळी फाटकावरून जात. कानावर पेन्सिल, अंगाला संत्र्यांचा वास आणि नजर ढगांत. अठरा आकडी एक संख्या त्यांनी धरली होती. रद्दी पावत्यांच्या पाठीवर तिला रोज नव्या संख्येने भागून पाहायचे. कशानेच भाग जात नव्हता आणि त्यातच ते खूश.

"आयुष्य पुरायचं नाही," मी एकदा बजावलं.

"मले नाही पुरलं तरी त्या संख्येले पुरते नं, बाई!"

त्या दिवशी नागपूरच्या पेपरात आयोगाने सुचवलेली राज्यांची नवी वाटणी येणार होती. आमचं सीमेवरचं पांढुर्णा नागपूरबरोबर मराठी राज्यात गेलं, तरच माझी मुलींची मराठी शाळा टिकेल अशी धास्ती होती. मी हाक मारली, "बाबू, आपला भाग गेला का हो?"

"नाही गेला!" ते हसत म्हणाले.

माझा हात थांबला. "नक्की?"

"तीनदा करून पाह्यलं. सात उरले."

"सात कोण?"

"बाकी, बाई! बाकी सात."

मग त्यांनी काखेतला पेपर दिला. त्यातही आपला भाग गेला नव्हता. मध्य प्रदेशातच राहिला होता. उडता कापूस त्यांच्या टोपीवर बसत होता.

"म्हणजे आपण बी बाकीच," ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्याकडून त्या संख्येची पावती मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची संख्या फळ्यावर लिहिली आणि मुलींकडून एकं, दहं, शतं करत पार परार्धापर्यंत मराठीत वाचून घेतली.