जॉगिंग ट्रॅकखालचे तीन खड्डे

आमच्या सोसायटीमागची कंपनी बंद पडली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आम्हालाच झाला. चिंचवडच्या त्या गल्लीत फ्लॅट घेताना भिंतीपलीकडे कारखाना आहे हे प्रत्येकाला दिसत होतं. तरी राहायला आल्यावर भोंगा, धूर आणि शिफ्ट सुटली की होणारी सायकलींची गर्दी हे सगळं आम्हाला आमच्यावरच्या अन्यायासारखं वाटायचं. मग एक दिवस गेटला कुलूप लागलं. शेकडो माणसं घरी बसली आणि आम्ही बाल्कनीत चहा पीत म्हणालो, आता कसं शांत वाटतंय.

पुढची कित्येक वर्षं पलीकडे सुबाभूळ माजली आणि आमची शांतता टिकली. मग त्या जागेवर एका बिल्डरचा फलक लागला. सात टॉवर, क्लब हाउस आणि आमच्या गल्लीतून आत जाणारा रस्ता. आठवड्याच्या आत आमची समिती उभी राहिली. तिचं नाव ‘नागरिक कृती समिती’ असावं की ‘नागरिक विकास मंच’, यावर दोन रविवार गेले. कृती करावी लागेल या भीतीने बरेच जण मंचाच्या बाजूचे होते, पण अध्यक्षांनी कृतीच्या बाजूने कौल दिला. अध्यक्ष म्हणजे चाकणच्या एका कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या हाताखाली आता कोणीच उरलं नव्हतं, ती उणीव आम्ही भरून काढली. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं होतं, म्हणून मला सचिव केलं.

“मॅडम, तुमचं मराठी अगदी सरकारी आहे,” अध्यक्ष म्हणाले. त्यांना कौतुकच करायचं होतं.

त्या सरकारी मराठीत मी महापालिकेला दोन पत्रं हाताने लिहिली. पहिल्यात आमच्या मागण्या होत्या: भिंतीलगत जॉगिंग ट्रॅक, ज्येष्ठांसाठी बाकं, ध्यानासाठी कोपरा आणि मंगल कार्यालयाला बंदी. दुसऱ्या पत्रात, कारखान्याच्या भिंतीला टेकून पत्र्याचं गॅरेज उभं आहे, त्याने परिसराला बकालपणा येतो, ते अतिक्रमण हटवावं, असं होतं. ‘बकालपणा’ हा शब्द माझा. तो सगळ्यांना फार आवडला.

त्या गॅरेजात मी माझी स्कूटर बारा वर्षं दुरुस्त करून घेत होते. गॅरेजवाले भाई माझ्याच वयाचे, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे ते मला बाई म्हणायचे. पत्र गेलं त्याच्या पंधरा दिवसांनी मी ब्रेक घट्ट करायला तिथे गेले. माणूस किती निगरगट्ट होऊ शकतो ते तेव्हा मला स्वतःकडे बघून कळलं.

ब्रेक झाल्यावर हात पुसत ते म्हणाले, “बाई, बिल्डर आतमधी खोल खोदणार का?”

“खोदणारच ना. का?”

“प्लेटिंगच्या शेडमागं तीन खड्डे हायत. हँडलला, सायलेन्सरला चकचकीत मुलामा द्यायचो आमी. टाक्यांच्या तळाला पिवळा गाळ बसायचा, क्रोमचा. तो साहेबलोक आमच्याकडून तिथंच पुरून घ्यायचे. अकरा वर्षं मी त्याच शेडमधी होतो.”

“तुम्ही समितीच्या मीटिंगला या आणि हे सांगा,” मी म्हणाले.

“तुमच्या समितीनं मला नोटीस आणलीय. कोणत्या तोंडानं येऊ?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पत्र कुणी लिहिलं हे त्यांना माहीत होतं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मीटिंगमध्ये मी खड्ड्यांचा विषय काढला. अध्यक्षांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि ते म्हणाले, “मॅडम, हा निगेटिव्ह पॉइंट आहे. उद्या हे बाहेर गेलं तर आपले फ्लॅट कोण घेईल? इतिवृत्तात नको.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी इतिवृत्त लिहिलं आणि त्यात खड्डे नव्हते. ट्रॅक लाल रंगाचा असावा की निळ्या, यावरची सविस्तर चर्चा मात्र होती.

त्याच महिन्यात गॅरेज उठलं. पत्रे उतरवले, हत्यारं टेम्पोत भरली आणि भाई चाकण रस्त्यावरच्या कुरुळीला गेले. भिंतीलगतची जागा मोकळी दिसायला लागली तसा आमच्या काही सभासदांनी तिथे लगेच आपापल्या गाड्या लावल्या. त्याला बकालपणा कोणी म्हटलं नाही.

पाऊस ओसरल्यावर मी बोरच्या पाण्याकडे नीट बघायला लागले. ते पाणी आम्ही बागेला आणि गाड्या धुवायला वापरायचो. फरश्यांवर पिवळसर डाग पडायचे. माळी म्हणायचा, लोखंडाचं पाणी असेल. भिंतीलगतची जास्वंद तीनदा लावली आणि तिन्ही वेळा जळाली. शेवटी एक बाटली भरून मी प्रयोगशाळेत दिली. रिपोर्टात क्रोमियम निघालं, मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त.

तो कागद मी अध्यक्षांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. “मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो,” ते म्हणाले.

बिल्डरच्या परवानगीवरची सुनावणी जवळ आली होती आणि तिथे खड्डे नेमके कुठे आहेत हे सांगणारा माणूस हवा होता. कारखान्याचे नकाशे बिल्डरकडे होते आणि त्यात खड्डे असणं शक्यच नव्हतं. कुरुळीला जायचं काम माझ्यावर आलं. अध्यक्षांना त्या दिवशी गुडघेदुखी झाली.

भाईंचं नवं गॅरेज रस्त्यापासून आत होतं. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. मी आधी ते पत्र मीच लिहिल्याचं सांगितलं. ते बराच वेळ एका चेनला तेल देत बसले.

“नोटिशीला पत्राची नक्कल जोडली होती. अक्षर ओळखलं होतं मी,” ते म्हणाले. “मुलीच्या वहीत तुमचे शेरे असायचे.”

मी माफी मागितली. ती स्वीकारली असं ते म्हणाले नाहीत आणि त्यांनी ती नाकारलीही नाही. मग सुनावणीचं सांगितलं.

“येतो,” ते म्हणाले. “पण तुमच्या ट्रॅकसाठी न्हाई. माझ्या नाकाच्या पडद्याला भोक हाय, बाई. त्या टाक्यांच्या वाफेनं. शेडमधल्या निम्म्या लोकांना हाय. कंपनीनं सांगितलं, तपकिरीनं होतं. आमच्यात एकही जण तपकीर वढत नव्हता.”

सुनावणीला आमचे अध्यक्ष कोट घालून आले. त्यांनी पडद्यावर चाळीस चित्रं दाखवली. बिल्डरचा प्रतिनिधी, एक गोड बोलणारा तरुण, प्रत्येक मागणीला हो म्हणत गेला. ट्रॅक? देऊ. बाकं? देऊ. ध्यानाचा कोपरा त्याने आपणहून दुप्पट केला. अध्यक्षांचा चेहरा असा फुलला होता की रिपोर्ट फाइलमध्येच राहतो की काय असं मला वाटलं. मी उठून तो अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला आणि भाईंना पुढे बोलावलं.

त्यांनी कोरा कागद मागितला. त्यावर शेड काढली, कँटीन काढलं, चिंचेचं झाड काढलं आणि तीन चौकोन.

“आपण कोण?” प्रतिनिधीने विचारलं. “काही कागदपत्र आहे?”

भाईंनी खिशातून कारखान्याचा जुना गेटपास काढून टेबलावर ठेवला. “प्लेटिंग शॉप लिहिलंय त्याच्यावर. तुमी खोदा. खड्डे न्हाई निघाले तर मला खोटा म्हणा.”

अधिकाऱ्यांनी तो पास बराच वेळ पाहिला आणि आधी मातीची तपासणी करा, परवानगीचं नंतर बघू, असं लिहून दिलं.

खोदल्यावर दोन खड्डे त्यांनी सांगितलं तिथेच निघाले. तिसरा थोडा सरकून आमच्या भिंतीच्या बाजूला होता, बरोबर ध्यानाच्या कोपऱ्याखाली. आमचा जॉगिंग ट्रॅक तिन्हींवरून जाणार होता. आम्ही मागणी करकरून, सह्या गोळा करून, नेमकी तीच जागा मागून घेतली होती.

पुढचे कित्येक महिने झाकलेल्या ट्रकमधून माती जात राहिली. बिल्डरला आराखडा बदलावा लागला. सातांचे चार टॉवर झाले, रस्ता पलीकडून गेला आणि त्या पट्ट्यात बाहेरची माती आणून, झाडं लावून ट्रॅकसकट बाग केली. समितीच्या अहवालात हे सगळं ‘अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे’ झालं. भाईंचं नाव घालावं म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा ठराव झाला की सभासद नसलेल्यांची नावं छापायची नाहीत. त्यांच्या जागी ‘एका माजी कामगाराचे सहकार्य’ आलं. मी त्याच बैठकीत सचिवपद सोडलं. कोणी फार आग्रह केला नाही.

बागेच्या उद्घाटनाला शाल-श्रीफळ घ्यायला भाईंना बोलावलं होतं, पण ते आले नाहीत. महिन्याभराने बायकोला घेऊन सहज म्हणून आले. मी त्यांना फिरवलं. त्यांनी एका ठिकाणी वाकून माती चिमटीत धरली, वास घेतला आणि टाकून दिली. शेडमधल्या जुन्या लोकांना गोळा करून त्यांनी डॉक्टरी तपासणीसाठी अर्ज केला होता. त्याचं काय झालं, ते मी विचारलं.

“तारखा पडतायत,” ते म्हणाले. “दोघं गेले मधल्या काळात.”

तेवढ्यात अध्यक्ष ट्रॅकवरून आले, हात जोडून नमस्कार केला. भाई त्यांना म्हणाले, “साहेब, दोन पावसाळे जाऊ द्या. मग बोरचं पाणी परत तपासून घ्या. एकदा उतरलेलं जहर लगेच जात नसतं.”

“नक्की. ॲक्शन पॉइंट घेतो,” अध्यक्ष म्हणाले आणि घड्याळात पावलं मोजत पुढे गेले.

त्याला आता तीन पावसाळे झाले. पाण्याची तपासणी अजेंड्यावर आहे, मी विचारून आले. सध्या समिती बागेत कुत्री आणू द्यावीत की नाही या विषयावर आहे, आणि त्यात दोन गट पडले आहेत.