अडलेली म्हैस आणि सुमनआक्का

सुमनआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझा हात कोपरापर्यंत म्हशीच्या पोटात होता. गोठ्याच्या मालकानंच फोन माझ्या कानाला लावला. रेडकू बाहेर येईपर्यंत मला रडताही आलं नाही... नंतर हात धुता धुता मात्र इतकी रडले, की मालकाला वाटलं म्हशीचंच काहीतरी बिनसलंय.

आक्का आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध मोजून घ्यायची. दुष्काळात म्हशी आटल्या आणि आक्का मोकळी झाली. आम्ही दहा-बारा वर्षांच्या पोरी तेव्हा टँकरची वाट बघत रांगेत बसायचो. आक्का आपला हंडा पालथा घालून त्यावर बसायची आणि रांगेतल्याच एकीला गोष्टीची नायिका करायची. कुणी टँकर चालवायची, कुणी साखर कारखान्याची साहेबीण व्हायची. मी जनावरांची डॉक्टरीण. यातलं एकही काम आक्कानं बाईला करताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे थापा बेधडक असत. माझी डॉक्टरीण म्हशीची नाडी चक्क शेपटीला बघायची! पुढं कॉलेजात कळलं, नाडी खरंच तिथंच बघतात. आक्काला सांगितलं तर म्हणाली, "मग? मी काय खोटं बोलते व्हय?"

एकदा गोष्ट अशी रंगली, की टँकर कधी आला ते आम्हाला कळलंच नाही. पलीकडच्या गल्लीनं तो रिकामा केला. आयांनी आक्काला फैलावर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याही ऐकायला येऊन बसल्या.

त्याच वर्षी माझ्या वडिलांनी, आबांनी, मला ऊसतोडीला न्यायचं ठरवलं. धाकट्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. शाळा सुटणार म्हणून मी धास्तावले होते. निघायच्या आदल्या दिवशी आबा मला न्यायला रांगेपाशी आले. गोष्टीत म्हैस अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर. आबांचा म्हशींवर फार जीव. जागीच थबकले. आक्का गप्प.

"पुढं काय झालं, आक्का?" आबांनीच विचारलं.

"काय व्हनार? डॉक्टरीण चालली उसाला. म्हैस तशीच हाय."

"आसं कसं? मरंल की ती!"

"मंग ठिवा पोरीला माझ्याकडं."

आबा तणतणत घरी गेले. सकाळी ट्रक निघाला तेव्हा मी मात्र आक्काच्या ओट्यावर होते. उन्हाळ्यात आबा परतले, आणि डोक्यावरचं बोचकं खाली न ठेवताच त्यांनी आक्काला विचारलं, "निगालं का रेडकू?"

परवा गावी गेले. टँकर अजून येतोच. रांगेत तो हंडा पालथाच होता, त्यावर कुणी बसलं नव्हतं. रेणू नावाची पोरगी कुरकुरली, "ताई, माझा टँकर घाटात हाय. बिरेक लागंना, आन् आक्का तितंच गेली की वो!" मागं तिचा बाप उभा होता. त्यांची टोळी दोन दिवसांनी ऊसतोडीला निघणार होती, रेणूसकट.

मी हंड्यावर बसले. टँकर पार दरीच्या काठापर्यंत नेला... आणि तिच्या बापाकडं बघत गप्प झाले.