भूकंपाच्या आधीचा जन्म

सोमवारी सकाळी मी उप्पीट परतत होते आणि माझे यजमान श्रीरंग जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये मान डोलवत होते. तेवढ्यात दारावर दोनदा टकटक झाली. आमच्याकडे बेल आहे. पण मीटिंगला त्रास नको म्हणून ती न वाजवणारा माणूस इमारतीत एकच, खालच्या मजल्यावरचे बसवंत अण्णा.

अण्णा निपाणीकडचे. तीस वर्षं इथं, या कन्नड शहरात, महादेवपुऱ्यातल्या एका कारखान्यात लेथवर होते. किडन्या निकामी झाल्यापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, आणि उरलेल्या दिवशी इमारतीतल्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या.

"वैनी, एक अर्ज लिवायचा हुता."

इमारतीतले सगळे अर्ज मी लिहिते. इंग्रजी घेऊन बी.ए. केल्याचा तेवढा उपयोग झाला. मी त्यांना अर्धा कप चहा दिला. दिवसभरात चहा, पाणी, आमटी सगळं धरून त्यांना लिटरभरच चालतं. त्यांनी कप डोळ्यांसमोर धरला, लेथवरचा तुकडा मापावा तसा मापला, आणि ठीक आहे अशी मान हलवली.

"कुणाला लिहायचा?"

"इस्पितळाला. किडनीच्या यादीत माझं वय चुकलंय."

"किती लिहिलंय?"

"सत्तावन्न."

"आणि खरं?"

"बासष्ट."

मी गॅस बंद केला.

यादीचं प्रकरण मला माहीत होतं, कारण ते फॉर्मही मीच भरले होते. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी होकार दिला की किडनी मिळते. असं क्वचित होतं, आणि घ्यायला माणसं पुष्कळ. म्हणून त्या इस्पितळात गुण देतात. डायलिसिस जितकं जुनं तितके गुण, आणि वय साठच्या आत असेल तर आणखी दोन. अण्णांच्या रक्तगटात अण्णा तिसरे होते.

"आधार कार्डावर सत्तावन्नच आहे ना?" मी विचारलं.

"कार्डावर शाळेच्या दाखल्याचं वय. दाखल्यावर मास्तरांचं."

लहानपणी ते शेळ्यांमागे होते. शाळेत घातलं तेव्हा अकरावं चालू होतं. मास्तरांनी रीतीप्रमाणे परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता आला की मूल सहा वर्षांचं. अण्णांना कान पकडता आला, इतका की तो पिळताही आला. मास्तरांनी सहा वर्षं पूर्ण असं लिहिलं आणि वर्गातल्या सगळ्यांसारखा त्यांचाही जन्म एक जूनला लावून दिला. साल अडुसष्ट.

पन्नास वर्षं त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. मग गेल्या शनिवारी डायलिसिसला, वेळ जाईना म्हणून, अण्णांनी शेजारच्या मशीनवरच्या भाग्यलक्ष्मीला कोयनेच्या भूकंपाची गोष्ट सांगितली. पहाटे सगळी भांडी फळीवरून पडली. आईनं यांना एका काखेत मारलं, दुसऱ्या काखेत करडू, आणि अंगणात धावली.

भाग्यलक्ष्मी देवनहळ्ळीहून दोन बस बदलून येते. वय चव्वेचाळीस. शाळेत दोनशे मुलांचा भात शिजवते, त्यामुळे तिचं गणित पक्कं. भूकंप कधीचा, तिनं विचारलं. सदुसष्टचा डिसेंबर. मग तुमचा जन्म कधीचा? अण्णांनी सवयीनं एक जून अडुसष्ट सांगितलं.

"अण्णा," ती कन्नडमध्ये म्हणाली, "पोटात खिडकी होती की काय?"

सगळा वॉर्ड हसला. नर्स हसली. अण्णाही हसले.

"बसमधी बसल्यावर हसू थांबलं बघा," ते मला म्हणाले. "यादीत चौथी तीच हाय. माझा तिच्यावर एकच गुण जास्त. अन् वयाचे दोन गुण माझे न्हवंतच."

"ती काही म्हणाली?"

"न्हाई. इस्पितळातनं निघताना म्हणाली, अण्णा, स्वल्प, म्हंजे जरा, सांभाळून जा."

एवढ्यात दार न वाजवताच भागुअक्का आत आल्या. अण्णांची बायको. हाताला कणीक तशीच.

"लिहू नकोस गं! तीस वर्षं कारखान्याला हेच वय चाललं, मतदानाला चाललं. आता किडनीलाच खरं वय पायजे?"

"अगं, किडनी एकच असती," अण्णा म्हणाले.

"मग तुम्हाला नको?"

"पायजे की. नाव काढा म्हणतोय का मी?"

"तिला जाऊन आरती तरी ओवाळा! देवमाणूस!" भागुअक्कांनी कणकेचा हात पदराला पुसला आणि त्याच पदरानं डोळे पुसले. कपाळाला पीठ लागलं. कुणी सांगितलं नाही.

श्रीरंगांनी माइक बंद केला. "अण्णा, कायद्यानं तुम्ही सत्तावन्नच. तुम्ही खोटं बोलला नाहीत. आणि दोन गुण गेले तर तिसऱ्याचे सहावे व्हाल."

"हिशेब केलाय."

"सहाव्याला नंबर लागेल का?"

"डाक्टर काय बोलले न्हाईत. बिजागरी दुरुस्त हुणार नसली की मी पण काय बोलत न्हाई."

मी कागद घेतला. खरं सांगायचं तर मला तो अर्ज लिहायचा नव्हता. भाग्यलक्ष्मीला मी कधी पाहिलं नाही. अण्णांना एकोणीस वर्षं पाहते आहे. माझी आई गेली त्या दिवशी, न सांगता, आमच्या दाराची कडी नीट करून गेलेला माणूस. सहाव्या नंबरावर तो मला नको होता.

म्हणून मी माझं सगळं बी.ए. पणाला लावलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून, वयाच्या नोंदीसंदर्भात काही विसंगती संभवत असल्यास, सक्षम अधिकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्यांच्या अधीन राहून यथोचित विचार करावा', अशा धर्तीचं एक पान इंग्रजीत केलं. पुरावा कुठेच नव्हता. असा अर्ज कुणीही वाचून फाइलला लावतो आणि फाइल कपाटात ठेवतो. वर तो खोटाही नव्हता.

मग त्यांना मराठीत अर्थ वाचून दाखवला. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. भागुअक्कांना पहिल्याच वाक्यात कळलं होतं. त्या माझ्याकडे मायेनं बघत होत्या.

"छान झालाय," अण्णा म्हणाले. "फकस्त त्यात माझं वय कुठं आलं न्हाई."

मी पेनला टोपण लावलं.

"वैनी, तुमी माझ्यासाठीच केलं, मला कळतंय. पण उद्या मंगळवार. चार तास तिच्या शेजारी पडून राहायचंय. इकडं तोंड केलं तर ती, तिकडं केलं तर भिंत."

भागुअक्का उठल्या, ओट्यापाशी गेल्या, आणि माझं उप्पीट त्यांनीच पुन्हा गॅसवर चढवलं. श्रीरंगांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी त्यांचं नाव घेऊन हाका मारत होतं.

मी ते पान फाडलं आणि कोरं घेतलं. "सांगा. तुम्ही सांगाल तसंच लिहिते."

अण्णांनी चहाचा उरलेला घोट घेतला, कप बाजूला ठेवला, आणि शाळेत उभं राहून धडा म्हणावा तसे उभे राहिले.

"लिवा. मला कोयनेचा भूकंप आठवतो. यादीत माझं वय बासष्ट करा. एवढीच विनंती."