अथक उपस्थिती

श्रमाला प्रतिष्ठा असते आणि माणसाची खरी ओळख त्याच्या कामातूनच होते, यावर माझी लहानपणापासून श्रद्धा आहे. सत्तरच्या दशकात मात्र माझं घर, मी काहीही काम करत नाही, या एकाच गोष्टीवर चालत होतं.

त्याचं असं झालं. ज्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात मी वजनकाट्यावर कारकून होतो, तिथे एकदा कापसाच्या गाठीशी माझी गाठ पडली. गाठ वरून आली, मी खाली होतो. उजवा गुडघा वाकेनासा झाला, कंबर गेली, आणि कारखान्याने मला हार घालून घरी पाठवलं. विम्याकडून अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली, पण ‘तात्पुरती’. म्हणजे दरवर्षी मेडिकल बोर्डापुढे उभं राहून, धड उभं राहता येत नाही हे दाखवायचं आणि ती पुढे चालू करून घ्यायची. “पगारी राहो का बिनपगारी, काम करताना दिसला का पेन्शन बंद,” असं तिथला शिपाई प्रत्येकाला बजावत असे. तो नियम प्रत्यक्ष कोणी वाचलेला नव्हता, त्यामुळे त्याचा धाक मोठा होता. घरात दुसरी मिळकत नव्हती.

पहिलं वर्ष मी घरी बसून काढलं. स्वयंपाकघरात सांडलवंड किती होते आणि दूध उतू का जातं, याचा मी अभ्यास केला. एके दिवशी बायको म्हणाली, “अजी, दिवसभर माह्यावर नजर ठेवता, तं वाचनालयात जाऊन पुस्तकांवर ठेवा न. पुस्तकं उलटून बोलत नाहीत.”

महाल भागातलं वाचनालय घराजवळ होतं. मी संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागलो. आधी वाचायला, मग काउंटरवर, कारण तिथली खुर्ची जास्त चांगली होती. पुस्तकं द्यायची, घ्यायची, आणि शेवटची पानं कोणी फाडली यावरून भांडणाऱ्यांना शांत करायचं. पैसे कोणी देऊ केले नाहीत, मी मागितले नाहीत. वाचनालयाच्या बाबतीत याला परंपरा म्हणत.

वाचनालयाचे चिटणीस निवृत्त हेडमास्तर होते आणि त्यांना सत्कारांचा नाद होता. वर्धापनदिनाला कोणाच्या तरी खांद्यावर शाल पडली नाही, तर वर्ष वाया गेलं असं ते मानत. गावातल्या बहुतेक कर्तबगार लोकांचे सत्कार होऊन गेले होते, काहींचे दोनदा. त्या वर्षी त्यांची नजर माझ्यावर पडली.

“यंदा आपण! ‘वाचनालयाचे अथक कार्यकर्ते’ असा मानपत्रात उल्लेख आहे,” ते म्हणाले. “आणि प्रमुख पाहुणे म्हणून मोठ्या दवाखान्यातले नवे डॉक्टर येताहेत. नुकतेच पुण्याहून बदलून आलेत.”

हे डॉक्टर मेडिकल बोर्डावरही नेमले गेले होते, आणि दोनच आठवड्यांनी मला त्यांच्यापुढे जायचं होतं.

“सर, ‘अथक’ काढा,” मी म्हणालो. “आणि ‘कार्यकर्ते’ तर काढाच.”

चिटणीस चिडले की त्यांची शुद्ध भाषा आधी जात असे. “काहून गा? तू थकतो का?”

“सर, पेन्शनच मला त्याची मिळते.”

त्यांनी बराच विचार केला. सत्कार रद्द करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि ‘अथक’ त्यांना सोडवत नव्हतं. शेवटी तडजोड झाली. वर्धापनदिनी भरल्या सभेत, माझ्या ‘अथक उपस्थितीबद्दल’ मला शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. टाळ्या पडल्या. हा बहुमान नेमका कशाचा, हे कोणी विचारलं नाही. अशा सभेत ते विचारण्याची पद्धत नसते. शाल त्या डॉक्टरांच्याच हस्ते पडली.

दोन आठवड्यांनी मी बोर्डापुढे गेलो. डॉक्टरांनी गुडघा दाबला, ठोकला, वाकवून पाहिला. तो वाकला नाही. मग ते माझ्या तोंडाकडे निरखून पाहू लागले.

“अथक उपस्थिती. तुम्हीच ना?”

“हो साहेब.”

“मग तुम्ही तिथे काम करता?”

दाराशी तो शिपाई उभा होता. घाबरलो की माझीही शुद्ध भाषा जाते.

“नाही साहेब. मी तिथं बसून राहिलो.”

आता आमच्याकडे ‘बसून राहिलो’ म्हणजे सध्या बसतो आहे, आणि दुकानात किंवा काउंटरवर ‘बसणे’ म्हणजे ते सांभाळणे. मी अक्षरशः खरं तेच सांगितलं होतं. पण पुण्याच्या मराठीत ‘बसून राहिलो’ म्हणजे जग पुढे गेलं आणि हा मागे उरला. डॉक्टरांनी चष्मा काढला.

“कधीपासून?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“पाय गेला तेव्हापासून.”

“रोज?”

“सोमवार सोडून. सोमवारी बंद असते.”

“मग सोमवारी?”

“घरी बसून राहतो.”

“आणि तिथून उठता कधी?”

“दिवे मालवले की.” ते मीच मालवत असे, पण तसं त्यांनी विचारलं नाही.

बोर्डाचा कारकून आमच्याच गावच्या इतवारी भागातला होता आणि रहस्यकथांचा आमचा सगळ्यात हावरा वाचक. लिहिता लिहिता तो थांबला. त्याला दोन्ही अर्थ कळत होते. नवी रहस्यकथा मागच्याच आठवड्यात मी त्याच्याआधी दुसऱ्याला दिली होती. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी छताकडे पाहू लागलो.

“साहेब,” तो शेवटी म्हणाला, “मी याले रोज पाहून राहिलो. बसूनच असते हा.”

डॉक्टरांनी मान हलवली. “असा माणूस,” ते शेजारच्या सदस्याला म्हणाले, “आणि लोकांनी बिचाऱ्याला त्याबद्दल शाल घालावी!” मग त्यांनी मला दरवर्षी हेलपाटा घालायला लावणं क्रूरपणाचं आहे असं सांगून माझं अपंगत्व ‘तात्पुरतं’ होतं ते खोडलं आणि ‘कायमचं’ केलं.

व्हरांड्यात कारकून मागून आला. “आता पुढची रहस्यकथा पहिले मले. समजलं न गा?”

समजलं, म्हणालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं, “झालं. मी कायमचा अपंग झालो.”

तिने हात जोडले आणि देवापुढे ठेवायला मला पेढे आणायला पाठवलं.