जिथे डबा गोल राहतो

सुहासिनी परबच्या घरी गणपतीत सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा, म्हणजे त्यातून कोणाला वगळायचं ते आधी ठरवावं लागे. विक्रोळीच्या चाळीतली एकच खोली. समोरच्या भिंतीला मखर, मागच्या भिंतीला ओटा, ओट्याला लागून मोरी. त्यात बोरिवलीहून थोरले दीर बाळाभाऊ कुटुंबासह यायचे, नणंद यायची, भाचरं यायची. खोली माणसांनी भरली तरी मखरासमोरचा पट्टा मात्र मोकळाच असे, कारण परबांच्या घरात देवाला पाठ करून कोणी उभं राहत नाही. फोटोसाठीसुद्धा नाही. दुसऱ्यांच्या घरी लोक मूर्तीपुढे रांग लावतात. इथे सगळे दोन्ही बाजूंना भिंतींना चिकटून उभे. मध्ये गणपती एकटा, ऐसपैस.

फोटो काढणारा मागे सरकत सरकत ओट्यावर आपटायचा, तरी कडेचं एक माणूस अर्धं कापलं जायचं. ते अर्धं माणूस बहुतेक वेळा सुहासिनीच्या सासूबाई, रत्नप्रभाकाकू. त्या चुलीपासून हलायच्याच नाहीत. कधी त्यांचा नुसता खांदा यायचा, कधी झारा धरलेला हात.

सुहासिनी आणि मी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मी लग्न होऊन मुलुंडला आले, ती विक्रोळीला. मुलगा शाळेत जायला लागल्यावर तिनं डिजिटल कॅमेरा घेतला, एका क्लासला गेली, आणि आता विक्रोळी-घाटकोपरच्या घराघरांतली बारशी, डोहाळजेवणं, हळदीकुंकू ती टिपते. आज्यांचे फोटो तर असे काढते, की लोक ते मोठे करून भिंतीवर लावतात. आणि याच बाईच्या घरातली आजी कॅमेरा दिसला की उठून आत जायची. म्हणजे मोरीत. एका खोलीत आत दुसरं काय असणार?

त्याला कारण होतं गेल्या वर्षीचा फोटो. बाळाभाऊंच्या दिशानं तो मोबाइलवर काढला होता, सगळ्यात रुंद दिसणारं बटण दाबून. सगळी माणसं मावली म्हणून टाळ्यासुद्धा वाजल्या. पण अगदी कडेला असलेल्या काकूंचा चेहरा आडवा ताणला गेला. एक गाल तर फोटोबाहेर पळत सुटल्यासारखा. दिशानं तो तसाच घरच्या ग्रूपवर टाकला. कोणीतरी हसरे चेहरे टाकले, मग कुडाळहून आले, मग ठाण्याहून आले. काकूंनी तो निलेशच्या, म्हणजे सुहासिनीच्या नवऱ्याच्या फोनवर पाहिला आणि फोन परत दिला. पुढे भाच्याच्या लग्नात सगळ्यांनी हाका मारमारून बोलावलं, तेव्हा म्हणाल्या, "माका नको. एकदा माजो भोपळो झालो, तां पुरे झाला."

दिशा पाया पडली, रडली. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण फोटोला नाही म्हणजे नाही.

सुहासिनीनं हे मनाला लावून घेतलं. या गणपतीत फोटोत आई पूर्ण आल्या पाहिजेत, त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यानं, आणि आपणहून बसलेल्या. "त्यांचं वय बघ गं," एवढंच ती मला एकदा म्हणाली.

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समध्ये तिची खोली मावत नव्हतीच. तेव्हा नवी, खूप रुंद बघणारी झूम लेन्स घ्यायची, असं तिनं ठरवलं. अंधेरीला हर्षदभाईंचं दुकान आहे. ते लेन्स विकतात आणि भाड्यानंही देतात. सोबत म्हणून मी गेले. हर्षदभाई उत्साही माणूस. त्यांनी काचेच्या कपाटातून आधी आठ-सोळाची लेन्स काढली. पुढची काच माशाच्या डोळ्यासारखी फुगलेली, वजन पाटा-वरवंट्याचं. आकडा जितका लहान तितकं जास्त दिसतं, हे मला तिथेच कळलं. ही लावली तर खोलीच काय, शेजाऱ्याची खोलीपण येईल, असं ते म्हणाले. सुहासिनी हसली नाही. तिनं ती दोन दिवसांसाठी भाड्यानं मागितली.

दुसऱ्या दिवशी मी विक्रोळीला गेले तर घरात अजब प्रकार. मखराच्या भिंतीपाशी दोन स्टुलांवर फळी टाकलेली आणि फळीवर घरातले सगळे स्टीलचे डबे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येकाचं झाकण थेट कॅमेऱ्याकडे वळवून आडवे ठेवलेले. डाळ-तांदूळ परातीत ओतून ठेवले होते. काकू परातीजवळ बसून तांदूळ निवडत होत्या, जणू त्यासाठीच ते काढले होते.

"माणसं तासन्‌तास उभी राहणार नाहीत. डबे राहतात," सुहासिनी म्हणाली.

तिनं फोटो काढून दाखवला. खोली खरंच सगळी आली होती. खिडकी, कॅलेंडर, पंखा, दाराची चौकट, सगळं सरळ. डबे मात्र मधले गोल आणि कडेला जाता जाता लांबुळके. शेवटचा तर कलिंगड. तिनं झूम थोडी फिरवली, पुन्हा काढला. पुन्हा फिरवली. मी चहा केला, तो निवला, तरी तिचं चाललंच होतं.

मग ती लेन्स परत करून दहा-अठराची आणली. ती हलकी, पण दहावर ठेवली की कडेला कलिंगड होतंच. आता सुहासिनी चिडली. डबा घेऊनच अंधेरीला निघाली, मी सोबत. दुकानात गिऱ्हाइकांसमोर डबा टेबलावर ठेवून म्हणाली, हा गोल दिसेल अशी लेन्स द्या.

हर्षदभाईंनी डबा हातात घेऊन पाहिला, फोटोही पाहिले. मग शांतपणे सांगितलं, "ताई, लेन्समधे फॉल्ट नाय. एवढी मोठी जागा तुमी एवढ्या जवळून बघणार, तर कोपरा ताणणारच. दुकानातली सगळ्यात महाग लेन्स घ्या, तरी ताणणार. मी विकून पैसा घेईन, पण डबा गोल नाय होणार."

परतताना घाटकोपरच्या मेट्रोत ती माझ्या शेजारी बसली. डबा मांडीवर. समोरची एक बाई डब्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल लाडू आहेत. साकीनाका गेल्यावर सुहासिनी म्हणाली, "म्हणजे मी उलटं करत होते. सगळे मावतील अशी लेन्स शोधत होते. आधी डबा कुठपर्यंत गोल राहतो ते शोधायला हवं. मग तेवढ्यात माणसं बसवायची."

"आणि न मावणारी?" मी विचारलं.

"मी मागे जाईन."

"कुठे मागे? ओटा आहे."

"मोरी आहे ना," ती म्हणाली.

मोरीच्या कोपऱ्यातून काढलं की अंतर वाढत होतं, कारण मोरी भिंतीच्या आत घेतलेली. तिनं मोरी कोरडी केली, बादल्या बाहेर ठेवल्या आणि आत उभं राहून पुन्हा डब्यांचे फोटो काढले. तेराच्या आसपास झूम ठेवली की डबे जवळजवळ सगळे गोल राहत. दोन्हीकडचा शेवटचा तेवढा फुगे. कॅमेरा जरा वर-खाली झुकला की मात्र मधलेही कलायचे. म्हणून कॅमेरा सरळ, छातीच्या उंचीवर. तिनं जमिनीवर खडूनं खुणा केल्या. त्यावरून काकू दोनदा पाणी भरायला गेल्या आणि दोन्ही वेळा खुणा ओलांडून, न पुसता गेल्या. ते मी पाहिलं.

मग लेन्स ठरवणं सोपं गेलं. तेरावर दोन्ही लेन्स जवळपास सारख्याच, मग आठचं ओझं कशाला? शिवाय त्या फुगलेल्या काचेला पोरांची बोटं लागणार, आणि बारशाला पोरं तर असणारच. दहा-अठरा हलकी, मंद दिव्यातही हात हलल्याचं सांभाळून घेणारी, आणि अठरापर्यंत नेली की छोट्या खोलीतही जवळचा चेहरा बरा येतो, म्हणजे तिच्या रोजच्या कामालाही उपयोगी. हर्षदभाईंनी एक वापरलेली पण निगुतीनं ठेवलेली काढून दिली. मोठी लेन्स खपली नाही याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण दाखवलं नाही.

राहिल्या काकू. त्यांची जागा सुहासिनीनं देवाच्या अगदी शेजारी ठरवली होती. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, म्हणून बुटकं स्टूल; देवाच्या चौरंगापेक्षा खालचं. त्यावर देवाकडे अर्धं वळून बसायचं. म्हणजे पाठही होत नाही आणि चेहराही दिसतो. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ती स्वतः त्या स्टुलावर बसली, निलेशकडून फोटो काढून घेतला आणि सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं. बरा इलो, म्हणाल्या, आणि नारळ खवायला घेतला. ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही.

चतुर्थीला दुपारच्या आरतीला मीही होते. आरती झाली, कापूर फिरला, मोदकांचा वास सुटलेला. सुहासिनीनं एकेकाला खुणेवर उभं केलं. निलेश, मुलगा, बाळाभाऊ, जाऊबाई, नणंद, दिशा, भाचरं. मला मोरीत पाठवलं. तिथून फक्त बटण दाबायचं, काही हलवायचं नाही, असं तीनतीनदा बजावलं. स्टूल मात्र रिकामं ठेवलं. काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या, भाताचं झाकण लावत होत्या.

सुहासिनीनं हाक मारली नाही. ती कडेच्या खुणेवर जाऊन उभी राहिली आणि तशीच राहिली.

थोड्या वेळानं भाचरं चुळबुळायला लागली. बाळाभाऊंनी पोटावर हात फिरवत विचारलं की आता कशाची वाट बघतोय? निलेशनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही. दिशा खाली बघत होती. मी मोरीत, हातात कॅमेरा, पायाखाली लादी गार.

"सुहास, अगं जेवायला वाढा कोणीतरी," बाळाभाऊ म्हणाले.

"आई आल्या की वाढते, भावजी. तोवर फोटो नाही आणि जेवणही नाही."

काकू वळल्या. थोरल्या मुलाकडे बघत झारा ओट्यावर ठेवला.

"माज्या झिलाक उपाशी मारतंस काय गो?"

"हो," सुहासिनी म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे बघितलं, चांगलं बराच वेळ बघितलं. मग पदराला हात पुसले, माणसांच्या मधून वाट काढत आल्या, आधी देवाला हात जोडले आणि स्टुलावर बसल्या. पदर नीट केला. देवाकडे अर्धं वळल्या. "काड," मला म्हणाल्या.

मी काढला.

लगेच सगळे कॅमेऱ्याभोवती. काकूंना पहिला दाखवायचा म्हणून सुहासिनीनं बाकीच्यांना दूर केलं. छोट्या पडद्यावर त्या स्पष्ट होत्या. नाकातली नथ, कपाळावरच्या आठ्या, आणि समईच्या उजेडात त्यांचाच, इतक्या वर्षांचा, त्यांच्या ओळखीचा चेहरा. त्यांनी तो पाहिला. बोटानं अलगद स्वतःवरून पुढे गेल्या, निलेशवर, दिशावर, आणि कडेला येऊन थांबल्या. तिथे सुहासिनी होती. तिचा दंड लांबला होता, चेहरा रुंद, हनुवटी बाजूला वाहून गेल्यासारखी.

"ह्या कोण?"

"मी," सुहासिनी म्हणाली. "कडेला कोणीतरी लागतंच, आई. शेवटच्या जागी असंच होतं. मला चालतं."

"माका नाय चालत."

त्या उठल्या. सून फोटोत अशी दिसणार असेल तर फोटो परत काढायचा, म्हणाल्या. सुहासिनीच्या दंडाला धरून त्यांनी तिला आपल्या स्टुलामागे, मखराच्या खांबाला लागून आणून उभं केलं, आणि तिची पाठ देवाकडे होत नाही ना, हे वाकून पाहिलं. मग बाळाभाऊंकडे वळल्या. ते हळूहळू ओट्याच्या दिशेनं सरकत मोदकांपर्यंत पोचले होते.

"बाळा, मोदक ठेव आणि हय ये, कडेक. तुजा पोट ताणला तरी कोणाक कळूचा नाय."

दिशा आधी हसली, मग घाबरून तोंडावर हात ठेवला. पण काकू स्वतःच हसत होत्या, म्हणून मग सगळेच हसले. बाळाभाऊ मुकाट्यानं शेवटच्या खुणेवर जाऊन उभे राहिले आणि पोट आत ओढलं.

"मोरीतली बाई," काकू स्टुलावर बसत म्हणाल्या, "आता नीट काड. भात निवता."